शुद्धमती

धायरी, पुणे
१८ नोव्हेंबर २०२४

कु. श्रद्धा यांस,

अभिनंदन. वकिलातीच्या पुणे कार्यालयाचं मराठी पान यापुढे आपण एकट्या सांभाळणार आहात, असं कळलं. आपल्याकडून कळलं असतं तर पेढे मागितले असते. साहेबांनी मला निरोपाची शाल दिली, तेव्हा त्यांच्याकडून कळलं.

‘आपण’ वाचून हसू नकोस. हुद्दा वाढला की सर्वनाम वाढतं, हे आठवीत मीच तुला शिकवलं होतं. पण सबंध पत्रभर मला ते झेपणार नाही, तेव्हा पुढे ‘तू’च लिहिते.

विसरली असशील म्हणून आठवण करून देते. चार वर्षांपूर्वी लुकास साहेब पुण्यात आले, तेव्हा त्यांना मराठीची तीन वाक्यं येत होती आणि तिन्ही रिक्षावाल्यांकडून शिकलेली होती. बंडगार्डन रस्त्यावरच्या त्या ऑफिसात आठवड्यातून दोनदा जाऊन मी त्यांना शिकवलं. मग एक दिवस ते म्हणाले, ‘बाई, आमच्या देशाला पुण्याशी मराठीत बोलायचे आहे. इथल्या मुलांनी आमच्याकडे शिकायला यावे, लोकांनी आम्हाला ओळखावे. फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर. तुम्ही आमच्यासाठी लिहा.’ मी लिहिलं. एका परक्या सरकारच्या तोंडी माझं मराठी होतं, श्रद्धा. निवृत्त शिक्षिकेला याहून मोठं काय मिळणार होतं? गेल्या चौदा एप्रिलचा मजकूर मी अकरा वेळा लिहिला. तो एकसष्ट जणांना आवडला. त्यात एक मी होते.

मग व्हिडिओ काढायला तरुण माणूस हवं झालं आणि मी तुझं नाव सुचवलं. मीच. ‘लोणी काळभोरची आहे, माझी विद्यार्थिनी, मुलगी हुशार आहे,’ असं म्हटलं. सप्टेंबरच्या त्या बैठकीत, कुणाचं किती लोकांनी पाहिलं याचे पडद्यावर दोन खांब दाखवले. माझ्या मजकुरांचा खांब घोट्याएवढा होता. तुझ्या व्हिडिओंचा पडद्याच्या बाहेर जायला बघत होता. तू खाली मान घालून बसली होतीस. वर पाहिलं असतंस तर मला जरा सोपं गेलं असतं.

असो. दिवाळीच्या तुझ्या मजकुरात तीन चुका होत्या: ‘दिपावली’, ‘आशिर्वाद’ आणि ‘परंतू’. खाली शुद्धमती नावाच्या कुणी बाईंनी त्या दाखवून दिल्या आहेत, असं शेजारचा आमोद म्हणाला. शहरात अजून कुणी तरी वाचतं म्हणायचं.

तुझ्या आईला, यमुनाबाईंना, नमस्कार सांग.

तुझी माजी बाई,
आम्रपाली ओव्हाळ

धायरी
९ डिसेंबर २०२४

प्रिय श्रद्धा,

काल तू स्वतःहून फोन केलास. आनंद झाला. फोनवर मी तुटक बोलले असेन तर ते दूध गॅसवर होतं म्हणून.

तू विचारलंस, ‘बाई, ती शुद्धमती कोण असेल हो?’

मी म्हटलं, ‘मला काय ठाऊक? पुण्यात शुद्धलेखन येणाऱ्या दोन-चार बायका असतील अजून.’

‘रोज लिहिते. एक पोस्ट सोडत नाही.’

‘मग चुका करू नकोस. आपोआप थांबेल.’

तू हसलीस. नंतर तू जे सांगितलंस, ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. की साहेबांचं ऑफिस नुसतं बोलत नाही, ऐकतंही. खाली येणारी प्रत्येक प्रतिक्रिया तू वाचतेस, तीन रकान्यांत टाकतेस, अनुकूल, प्रतिकूल आणि तटस्थ, आणि महिन्याच्या शेवटी तो अहवाल इंग्रजीत त्यांच्या राजधानीला जातो. तिकडे परराष्ट्र खात्यात एक माणूस बसून वाचतो, की पुण्यातल्या लोकांना आपल्या देशाबद्दल काय वाटतं.

म्हणजे मी दोन वर्षं मन लावून लिहिलं ते कुणी वाचलं नाही, आणि खाली कुणीही उठून दोन ओळी खरडल्या तर त्या सात समुद्रांपलीकडचं मंत्रालय वाचतं. मला हे आधी कळतं तर मी वरती लिहायच्या भानगडीत पडलेच नसते.

तू म्हणालीस, ‘शुद्धमतीला मी तटस्थमध्ये टाकते.’

तटस्थ? मला राहवत नाही म्हणून विचारते. जी बाई रोज सकाळी चहाच्या आधी उठून तुझे ऱ्हस्व-दीर्घ तपासते, ती तटस्थ कशी असेल? किंबहुना तिच्याइतकं त्या पानाशी कुणाचं देणंघेणं नसेल. वर्गीकरण नीट करायला शीक. मंत्रालयापर्यंत जातं ते.

बाकी काय म्हणू? साहेबांचं मराठी बिघडत चाललंय. परवाच्या व्हिडिओत ते ‘लय भारी’ म्हणाले. मी त्यांना ‘अतिशय सुंदर’ शिकवायला तीन आठवडे घेतले होते.

तुझी,
बाई

धायरी
२० जानेवारी २०२५

श्रद्धा,

तुझा फोन येईल म्हणून चार दिवस वाट पाहिली. आला नाही, म्हणून लिहिते.

म्हशीचा व्हिडिओ पाहिला. सगळ्या पुण्यानं पाहिला, तेव्हा मी पाहिला यात विशेष नाही. तुमच्या लोणीच्या गोठ्यात साहेब बादली घेऊन म्हशीपासून चार हात लांब उभे, आणि यमुनाबाई म्हणतायत, ‘भ्यायचं न्हाई, गरीब हाय ती.’ मग त्यांनी साहेबांचा हात धरून म्हशीच्या पाठीवर ठेवला. साहेब म्हणाले, ‘ऊब हाय!’ आणि दोघंही हसत सुटले. आठ लाख लोकांनी पाहिलं म्हणे. तू पान हाती घेतल्यापासून दोन महिन्यांत त्या देशातल्या विद्यापीठांची चौकशी तिप्पट झाली, असं वर्तमानपत्रात आलं. तुझं नावही आलं. फोटो चांगला आहे. केस बांधले असतेस तर आणखी चांगला आला असता.

खालच्या प्रतिक्रियांचं वाईट वाटलं. पण जरा नीट विचार कर. त्या शुद्धमतीनं म्हणे इतकंच लिहिलं होतं: ‘ “हाय” नव्हे, “आहे”. “न्हाई” नव्हे, “नाही”. एका देशाच्या वकिलातीने मराठीसाठी निदान मराठी येणारी बाई तरी बसवावी.’ आता यात खोटं काय आहे? त्याला अकराशे लोकांनी पसंती दिली, ही काय तिची चूक? त्याच्याखाली पुढे लोकांनी जे लिहिलं, वकिलातीनं गोठ्यात ऑफिस काढलं का, आधी हिला मराठी शिकवा मग साहेबाला, शेणाचा वास इथपर्यंत येतोय, ते लिहिणारे निराळे लोक आहेत. त्यांच्या ‘शेणाचा’मधला ‘ण’सुद्धा धड नाही.

मोठी म्हणून एक सांगते. आईला कॅमेऱ्यासमोर उभं करायला नको होतंस. आपली माणसं घरात असलेली बरी. बाहेरच्यांना ती कळत नाहीत.

मला यातलं बाकी काही ठाऊक नाही.

आ. ओव्हाळ

धायरी
२ मार्च २०२५

श्रद्धा,

तुझा निरोप मिळाला. पाच ओळी आहेत. पाठ झाल्यात.

‘बाई, ३१ मार्चला माझं काम संपतंय. करार पुढे वाढवणार नाहीत. राजधानीतून आलंय की मराठी पानावर संघटित विरोध दिसतो, तेव्हा यापुढे फक्त इंग्रजी. आई महिना झाला डेअरीवर दूध घालायला गेली नाही. पोरं पाठीमागून गरीब हाय ती, गरीब हाय ती म्हणून ओरडतात.’

शुद्धमती मी आहे.

हे वाक्य लिहून मी उठले, भांडी घासली, आणि परत येऊन पाहिलं तर ते तसंच होतं. तेव्हा आता पुढचं लिहिते.

आमोदकडून मी वेगळं खातं उघडून घेतलं. त्याला सांगितलं, पाककृती बघायच्या आहेत. पहिल्या दिवशी खरोखर फक्त ‘दिपावली’ दुरुस्त करायची होती. मग चाळीस लोकांनी अंगठा दाखवला. एकसष्टला दोन वर्षं लागली होती, श्रद्धा. चाळीसला एक दुपार लागली. लोक मला शुद्धमतीताई म्हणायला लागले. मग तू फोनवर म्हणालीस की तू मला तटस्थमध्ये टाकतेस. त्या रात्री माझा इतका संताप झाला, की मी ठरवलं, आता हिला दुसऱ्या रकान्यात टाकावंच लागेल असं लिहायचं. तुला दुखवायचं असं तेव्हा मनात म्हटलं नव्हतं. दखल घ्यायला लावायची, असं म्हटलं होतं. दोन्हींत किती अंतर असतं ते मला आता ठाऊक आहे.

आणि यमुनाबाई. दहावीच्या परीक्षेला तू माझ्याकडे दोन महिने राहिलीस, तेव्हा त्या दर रविवारी बसनं भाकऱ्या घेऊन यायच्या, फडक्यात बांधून. तुझ्यासाठी चार आणि माझ्यासाठी चार. त्यांच्या तोंडचा शब्द मी आठ लाख माणसांत सुधारला.

का, ते सांगते. नोकरीचा हेवा होता, खांबाचा होता, फोटोचाही होता. पण तो व्हिडिओ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हे काहीच आठवलं नाही. मला माझी आई आठवली.

माझी आई कांताबाई दौंडकडची. ती ‘हाय’ म्हणायची, ‘न्हाई’ म्हणायची, ‘आन’ म्हणायची. वडील खडकीला कामाला लागले म्हणून आम्ही पुण्यात आलो. शाळेत माझं आडनाव ऐकलं की बाई पुढचं काहीच विचारायच्या नाहीत, म्हणून मी ठरवलं, बोलणं असं करायचं की कुणाला शंका येऊ नये. झालं तसं. पस्तीस वर्षं स्टाफरूममध्ये मी ऐकलं, ‘वाटत नाही हो तुमच्याकडे बघून, किती शुद्ध बोलता!’ मी थँक्यू म्हणायचे.

अठ्ठ्याण्णव साली मला आदर्श शिक्षिकेचा पुरस्कार मिळाला. आई कार्यक्रमाला आली होती, नवी निळी साडी नेसून. मुख्याध्यापिका तिच्याजवळ गेल्या, ‘मुलीचा अभिमान वाटत असेल ना?’ म्हणाल्या. आईनं तोंड उघडलं आणि मी मध्येच म्हटलं, ‘आईला ऐकू येत नाही.’

तिला पार शेजारच्या गल्लीतलं ऐकू यायचं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. त्यानंतर नऊ वर्षं जगली. शाळेतलं कुणी घरी आलं, रस्त्यात भेटलं, की ती आपणहून बहिरी व्हायची. मला सांगावं लागायचं नाही.

आणि तू तुझ्या आईला गोठ्यातून उचलून सगळ्या जगापुढे उभं केलंस, आहे तशी, डोक्यावर पदर, हाताला शेण. आणि जग हसलं, आणि ते चांगलं हसणं होतं. पहिल्या दिवशी सगळ्या प्रतिक्रिया चांगल्याच होत्या. मी सगळ्या वाचल्या. मग मी माझी लिहिली.

क्षमा मागण्याइतकं हे लहान नाही, म्हणून मागत नाही. अकरा तारखेला, मंगळवारी, साहेबांना भेटायला जाते आहे.

आम्रपाली

धायरी
१२ मार्च २०२५

श्रद्धा,

काल ऑफिसात जाऊन आले. तू सुट्टीवर होतीस असं कळलं. माझ्या पथ्यावरच पडलं.

साहेब उठून उभे राहिले. ‘बाई! आपण बसावे. आपण चहा घ्याल?’ अजून माझ्याशी ते माझंच मराठी बोलतात. मी बसले नाही. बसले असते तर चहा आला असता, आणि चहा आला की माझ्यानं बोलवत नाही.

मी म्हटलं, ‘साहेब, तो तुमचा संघटित विरोध म्हणजे मी.’

त्यांना ‘संघटित’ समजतो, मीच शिकवलाय. पण वाक्य समजेना. मी पिशवीतून फोन काढला, शुद्धमतीचं खातं उघडून त्यांच्यासमोर धरलं. ते बराच वेळ बोट वर-खाली करत राहिले. मग म्हणाले, ‘हे सर्व आपण? आमच्या अहवालात लिहिले आहे की हा एक गट आहे. कदाचित राजकीय.’

‘गट नाही. मी एकटी आहे. धायरीला राहते, दुसऱ्या मजल्यावर. बाकीचे मागून गोळा झाले, पण सुरुवात माझी. मी लिहून देते, सही करते. तुमच्या राजधानीला कळवा आणि त्या मुलीचं काम राहू द्या.’

साहेब खिडकीशी गेले. त्यांना मराठी शोधायला वेळ लागतो तेव्हा ते खिडकीशी जातात. म्हणाले, ‘बाई, अहवाल गेला. तिथे एक समिती बसली, आठ देशांची पाने बघितली आणि तीन बंद केली. मी पत्र पाठवीन. पण एका स्त्रीच्या पत्रासाठी समिती पुन्हा बसणार नाही. खोटे सांगत नाही.’

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी बसले.

‘जानेवारीत मी श्रद्धाला विचारले होते, ही शुद्धमती कोण? तुला माहीत आहे का? ती म्हणाली, “नाही साहेब, मला याविषयी काहीही माहिती नाही.” मला तेव्हाच शंका आली. ती माझ्याशी असे कधी बोलत नाही. खोटे बोलताना ती आपल्यासारखे बोलते, बाई.’

तुला ठाऊक होतं.

एक नाव घेतलं असतंस तर तो गट नाही, एक म्हातारी आहे हे जानेवारीतच सिद्ध झालं असतं. तुझा करार राहिला असता. तू माझं नाव घेतलं नाहीस, आणि मी तुला पत्रानं उपदेश करत होते की आईला घरात ठेव.

बसमध्ये उभ्यानं आले. कुणी तरी जागा देत होतं, नको म्हटलं. आणि हे लिहायचं नव्हतं, पण सगळं लिहायचं ठरवलंय: स्वारगेटपासून धायरीपर्यंत माझ्या मनात कृतज्ञता नव्हती. ही पोरगी यातही माझ्यापेक्षा वरचढ निघाली, हेच होतं.

लेखी जबाब दिला आहे. मराठीत. साहेब भाषांतर करून पाठवणार आहेत.

आम्रपाली

धायरी
२३ एप्रिल २०२५

श्रद्धा,

आधी बाहेरचं सांगते. म्हशीच्या व्हिडिओखाली मी माझ्या खऱ्या नावानं, पत्त्यासह लिहिलं, की शुद्धमती मी, यमुनाबाईंचं बोलणं सुधारण्याचा मला अधिकार नव्हता, आणि ज्यांना दगड मारायचा त्यांनी धायरीला मारावा. सतरा लोकांनी मला शुद्धमतीची तोतया म्हटलं. एकानं लिहिलं, खऱ्या शुद्धमतीताई असं लेचंपेचं लिहिणार नाहीत.

आता आतलं. सोमवारी मी लोणीला गेले होते. तू घरी नसशील असं पाहून गेले, हेही कबूल करते.

यमुनाबाई अंगणात शेंगा फोडत होत्या. मला पाहून उठल्या नाहीत. एरवी त्या मला पाहिलं की पदर सावरून उभ्या राहायच्या.

‘या,’ म्हणाल्या. ‘बाई, तुमचं पत्र आलं की पोरगी जेवत न्हाई. काय लिवता हो तुमी त्यात?’

मी सगळं सांगितलं. उभ्यानंच. त्या शेंगा फोडत राहिल्या. संपल्यावर विचारलं, ‘तुमीच व्हय त्या?’

‘मीच.’

‘आन मी काय वंगाळ बोलले हुते?’

‘काही नाही.’

‘मग?’

पस्तीस वर्षं वर्गात प्रश्न विचारले, श्रद्धा, पण एवढा लहान प्रश्न मला कधी सुचला नाही.

मग त्या म्हणाल्या, ‘समदी म्हनत्यात, लोकांनी लई लिवलंय माझ्यावर. पोरगी वाचून दावत न्हाई. पोरं निस्ती वरडत्यात. तुमाला वाचता येतंय. वाचा.’

‘सगळं?’

‘समदं. तुमचंबी.’

वाचलं. तिथं ओट्यावर बसून, मोठ्यानं. शेणाचा वासही वाचला. माझी तिन्ही वाक्यं वाचली, ती त्यांनी दोनदा वाचायला लावली. तुझे वडील हिंमतराव गोठ्यातून आले आणि खांबाला टेकून उभे राहिले. ते एकदाच बोलले: ‘यवढं शिकून ह्ये लिवत्यात व्हय.’ मला उद्देशून नव्हतं ते, पण तिथं दुसरं शिकलेलं कुणी नव्हतं.

वाईट संपलं तरी यमुनाबाई थांबा म्हणेनात. पुढे चांगली होती, आणि वाईटाहून कितीतरी जास्त होती. ती त्यांना आजवर कुणी वाचून दाखवली नव्हती. तिकडे त्या देशात शिकणाऱ्या इंदापूरच्या एका मुलानं लिहिलं होतं, ‘चार महिने झाले, मराठी कानावर पडली नाही. काकू, तुमचा आवाज लावून झोपतो.’ ते वाचल्यावर त्यांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

‘त्याला लिवा.’

‘काय लिहू?’

‘म्हनावं, थंडी लई हाय का तितं? जेवतोस का न्हाई? लिवा.’

‘यमुनाबाईंचा निरोप’ असं आधी घालून मी लिहिलं. फोन आपणहून ‘हाय’चं ‘आहे’ करत होता. मी तीनदा मागे जाऊन ‘हाय’ केलं. त्यांना त्यातलं काही कळलं नाही, आणि मी सांगितलंही नाही. शुद्धमतीच्या खात्यावरून गेलं ते. खऱ्या नावाचं खातं त्या वेळी फोनवर चालू नव्हतं. त्या मुलाचं उत्तर दहा मिनिटांत आलं: ‘काकू, जेवतो. भात जमतो, भाकरी तुटते.’ यमुनाबाई इतक्या हसल्या की हिंमतराव पुढे येऊन फोनमध्ये बघू लागले.

निघताना त्यांनी मला पाणी विचारलं. जेवायला विचारलं नाही. बरोबरच केलं.

आम्रपाली

धायरी
१९ जून २०२५

प्रिय श्रद्धा,

तुझं उत्तर आलं. पत्राला पत्र असं सात महिन्यांत पहिलंच. ‘बाई, डिसेंबरमध्येच कळलं होतं. फेसबुकवर “किंबहुना” दुसरं कोण लिहितं? तुमचं नाव घेतलं असतं तर तुम्हाला मिळालेली ती शालसुद्धा बोचली असती, म्हणून नाही घेतलं. पण मला तुमचा राग आहे आणि तो जात नाहीये. पत्रं पाठवू नका. आली की मी परत परत वाचते.’

तेव्हा हे शेवटचं. उत्तर अपेक्षित नाही.

साहेबांचं पत्र आलं. माझा जबाब राजधानीत पोहोचला, ‘नोंद घेतली’ असं त्यांनी कळवलं, आणि मराठी पान बंदच राहील. साहेबांची बदली झाली आहे. पुढच्या महिन्यात जातील. नवीन येणाऱ्या बाईंना मराठी शिकायचं नाही.

तू लोणीतल्या कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीवर बसतेस, हे यमुनाबाईंनी सांगितलं. फॉर्म तपासतेस. ते ऐकून मला जे वाटलं ते मी इथे लिहिणार नाही. एवढं मात्र लिहिते, की त्यात समाधानाचा एक कणही नव्हता. मी तपासून पाहिला.

आणि आता खरं. तू आणि यमुनाबाईंनी सुरू केलेलं नवं पान मी पाहिलं. कुठल्याही देशाचं नाही, तुमच्या दोघींचं. परदेशातल्या पोरांना त्या भाकरी शिकवतायत. ‘पानी बेतानं घाल, आरं, चिखल हुतुया.’ एकाहत्तर हजार लोक. श्रद्धा, हेवा वाटला. अजून वाटतो. म्हातारपणी हे जाईल असं मला वाटायचं, पण वयाचा काही संबंध दिसत नाही. व्हिडिओ पूर्ण पाहिला, दोनदा. खाली काही लिहिलेलं नाही. अंगठाही दाखवला नाही, कारण मनातलं ते गेल्याखेरीज अंगठा खोटा झाला असता आणि तुला माझ्याकडून आणखी काही खोटं नको.

यमुनाबाई मला बोलावतायत. त्या पोरांच्या प्रतिक्रिया वाचून दाखवायला कुणी तरी हवं आहे आणि त्या सांगतील तसं लिहायला. मी विचारलं, ‘श्रद्धाला चालेल का?’ त्या म्हणाल्या, ‘तिला इचारलं न्हाई. तुमीबी इचारू नगा.’

पण विचारल्याशिवाय यायचं नाही असं मी ठरवलंय, म्हणून कळवते. तू नको म्हणालीस तर येणार नाही. काहीच म्हणाली नाहीस तर दर गुरुवारी दुपारच्या बसनं येईन आणि पाचच्या आत निघेन. गुरुवारी तू कॉलेजात सहापर्यंत असतेस, असं त्या म्हणाल्या. म्हणूनच गुरुवार धरला आहे.

आम्रपाली